फुलविणाऱ्या द्रव्याचा शोध

शेवंती थंडीत फुलते. पण दिवस लहान झाल्याचे तिला कळते कोठे? वर्गात मी प्रथम मिखाईल चायलाख्यान यांचा प्रयोग सांगत असे. १९३०च्या दशकात मॉस्कोत त्यांनी शेवंतीच्या पानांना लहान दिवस दिला आणि पाने खुडलेला शेंडा मोठ्या दिवसाच्या प्रकाशात ठेविला. शेवंती फुलली! उलट केले, तर फुलेना. म्हणजे पान दिवस मोजते व शेंड्यास निरोप धाडते. निरोप्या द्रव्यास त्यांनी ‘फ्लोरिजेन’ म्हटले. लायसेंकोपंथीयांचा रोष त्यांनी सोसला. मला त्याहून कठीण वाटते ते पुढील अर्धशतक, कारण ते द्रव्य कोणासच गवसेना. १९९१ मध्ये चायलाख्यान निवर्तले. एका मोहरीवर्गीय रोपट्यात ‘एफटी’ हे प्रथिन, आणि भातात त्याचेच भाऊबंद प्रथिन, पानातून शेंड्याकडे जाताना आढळले ते २००७ मध्ये.