प्रणोदक-विघटन उत्प्रेरकातील धातुभार

धातुभार म्हणजे आधारद्रव्यावर बसवलेल्या क्रियाशील धातूचे उत्प्रेरकाच्या एकूण वजनाशी असलेले प्रमाण होय. ते टक्क्यांत सांगतात. तेलशुद्धीकरणातील प्लॅटिनम उत्प्रेरकात हा भार सहसा १ टक्क्याहून कमी असतो. याउलट हायड्राझिनच्या विघटनासाठी १९६०च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या 'शेल ४०५' या उत्प्रेरकात ॲल्युमिनाच्या दाण्यांवर सुमारे एक-तृतीयांश वजनाचे इरिडियम असते. भारताच्या आयआरएस मालिकेतील दूरसंवेदन उपग्रहांतही हायड्राझिनवर चालणारी छोटी इंजिने वापरली गेली.

घन प्रणोदकांना ही संज्ञा लागू पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीचा ज्याच्या उत्पादनात सहभाग आहे, तो पिनाक अग्निबाण घन प्रणोदकावर चालतो. अशा प्रणोदकांत ज्वलनवेग वाढवण्यासाठी लोह ऑक्साईडसारखी भुकटी मिश्रणातच मिसळता येते. तेथे वेगळे आधारद्रव्य नसते.

==भार जास्त का?==
हायड्राझिन इंजिनात ठिणगी नसते. थंड द्रव दाण्यांवर पडताच काही मिलिसेकंदांत विघटन सुरू व्हावे लागते. उशीर झाल्यास द्रव साचतो, मग एकदम विघटित होतो. दाब उसळून दाणे फुटतात.

मात्र दुप्पट धातू म्हणजे दुप्पट क्रियाशीलता नव्हे. अभिक्रिया पृष्ठभागावरील अणूंवरच घडते. १ नॅनोमीटर व्यासाच्या धातुकणात बहुतेक अणू पृष्ठभागावर असतात, ५ नॅनोमीटरच्या कणात जेमतेम पाचवा हिस्सा. भार वाढला की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आधारद्रव्याची छिद्रेही बुजतात. म्हणून इरिडियम क्षाराच्या द्रावणात दाणे भिजवणे, सुकवणे आणि धातूत क्षपण करणे हे टप्पे पुनःपुन्हा करून भार हळूहळू चढवतात. इरिडियम अतिशय दुर्मिळ असल्याने खर्चाचा प्रश्न आहेच.

==अमोनियाचे विघटन==
हायड्राझिनपासून प्रथम अमोनिया व नायट्रोजन तयार होतात आणि उष्णता बाहेर पडते. पुढे अमोनियाचे नायट्रोजन व हायड्रोजनमध्ये विघटन होते. ते उष्णता शोषते. त्यामुळे उत्प्रेरक फार क्रियाशील असला किंवा त्याचा थर फार लांब असला, तर वायूचे तापमान घटून इंजिनाची कार्यक्षमता उतरते. भार ठरवताना थराची लांबी व दाण्यांचा आकारही विचारात घ्यावा लागतो.

वापरात भार तोच राहिला तरी तापमानामुळे धातुकण वाढतात आणि ॲल्युमिनाचे पृष्ठक्षेत्र घटते. हायड्राझिनला पर्याय म्हणून पुढे आलेल्या, अधिक तापमान निर्माण करणाऱ्या प्रणोदकांत ही अडचण तीव्र होते.