दीर्घायुष्यासाठी कमी खावे की जास्त चालावे?

विरारच्या जीवदानी डोंगराला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. त्या रोज चढणारा माणूस जास्त जगेल, की रात्रीचे जेवण निम्मे करणारा?

कमी खाण्याची बाजू आधी पाहू. १९३५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवले की, उष्मांक कमी पण पोषक द्रव्ये पुरेशी मिळालेले उंदीर इतरांपेक्षा जास्त जगतात. पुढे जॉन होलोझी यांनी उंदरांना धावायला चाके दिली. धावणाऱ्या उंदरांचे सरासरी आयुष्य वाढले, पण आयुष्याची कमाल मर्यादा हलली नाही. ती हलली कमी खाण्याने.

माकडांच्या बाबतीत चित्र धूसर झाले. विस्कॉन्सिनमधील प्रयोगात (२००९) कमी खाणाऱ्या माकडांना फायदा दिसला. अमेरिकेच्याच दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगात (२०१२) आयुष्य वाढले नाही. मात्र या दुसऱ्या प्रयोगात इतर माकडांनाही मोजूनमापूनच, कमी साखरेचे अन्न मिळत होते. म्हणजे फायदा बहुधा अतिखाणे थांबवण्याचा असावा.

माणसांवरचा मोठा प्रयोग ‘कॅलेरी’ नावाचा. दोन वर्षे २५ टक्के कमी खायचे ठरले. प्रत्यक्षात जेमतेम १२ टक्के जमले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारले, पण हाडांची घनताही थोडी घटली. साठीनंतर नेमके तेच परवडत नाही. व्यायामाने, विशेषतः वजन उचलण्याने, हाडे आणि स्नायू टिकतात.

व्यायामाचा पुरावा थेट माणसांचा आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचारी तपासले. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. विरारहून चर्चगेटला रोज जाणाऱ्याने आपले बसणे (लोकलमध्ये जागा मिळालीच तर) एकदा मोजून पाहावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

वजन उतरवायला मात्र नुसते चालणे पुरत नाही. साडेचार किलोमीटर चालून साधारण एका वडापावाइतके, किंवा त्याहूनही कमी, उष्मांक खर्च होतात. महाराष्ट्रात गाजलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीतही (मूळ प्रेरणा डॉ. श्रीकांत जिचकार यांची) दोन वेळच्या जेवणाला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची जोड आहे, हे अनेकजण सोयीस्करपणे विसरतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि आधीच कृश असलेले वृद्ध यांनी हा मार्ग धरूच नये.