कर्जाच्या दराचे माप कोणाच्या हाती?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा दप्तरावर अधिक होता. हाती लागतील ते कर्जरोखे त्यांनी जाळले. व्याज जबर होते हे खरेच. परंतु हिशेब कसा चढला हे कुळाला उमगत नसे, हे दुखणे त्याहून खोल. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा सारा हिशेब तपासावयास लावले.

घराच्या कर्जाविषयी बोलताना हे जुने प्रकरण कशाला, असे कोणी विचारील. आजची बँक म्हणजे सुप्याचा सावकार नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही प्रश्न तोच उरतो.

ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाखांवरील कर्जांचे व्याजदर ठरविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली. पुढे घरासाठी बदलत्या दराचे कर्ज रूढ झाले. यात दराचे दोन भाग असतात : एक आधारभूत दर, आणि त्यावर बँकेची स्वतःची भर. आधार हलला की व्याज हलते. मात्र हा आधार बँक स्वतःच ठरवीत असे. २००८ च्या जुलैअखेर रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीने ज्या दराने पैसा देते तो दर, ९ टक्के होता; एप्रिल २००९ मध्ये तो ४.७५ वर आला. जुन्या कर्जदारांच्या हप्त्यांत मात्र त्या प्रमाणात उतार दिसला नाही. दर चढताना पायात चाके आणि उतरताना बेड्या, असा हा प्रकार!

मग जुलै २०१० पासून ‘बेस रेट’ आला, एप्रिल २०१६ पासून निधीच्या सीमान्त खर्चावर आधारलेला दर आला. दोन्ही वेळा गणिताची रीत बदलली, पण गणित करणारा हात तोच राहिला. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडावीत, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा, असा नियम झाला. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नव्हती.

माप बाहेर गेले, म्हणून कर्ज स्वस्त झाले असे नव्हे. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आलेला रेपो दर मे २०२२ पासून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. ३० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज घ्या. साडेसहा टक्क्यांनी त्याचा मासिक हप्ता सुमारे २२,३६७ रुपये. नऊ टक्क्यांनी तो सुमारे २६,९९२. पगारदार घरात दरमहा साडेचार हजारांवर रक्कम कोठून काढावयाची? म्हणून पुष्कळदा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढविली जाई. आता पाहा : ३० लाखांवर नऊ टक्क्यांनी एका महिन्याचे नुसते व्याजच २२,५०० होते. जुना हप्ता त्यालाही पुरत नाही! नुकतेच कर्ज घेतलेल्या माणसाने वेळेवर पैसे भरावेत आणि मुद्दल जागचे हलू नये, किंबहुना वाढावे, अशी ही अवस्था. वर्षानुवर्षे फेडलेल्याला हा धक्का कमी बसतो, कारण त्याचे मुद्दल उतरलेले असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर आदेश काढला. दर बदलताच कर्जदाराला कळवावे. हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याची निवड त्याच्याकडे द्यावी. मुदतवाढीने मुद्दल फुगू देऊ नये. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर एक टक्क्याने उतरला, तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने आला. दर उतरला तरी हप्ता तोच राहून मुदतच घटते, असेही होते. आणि ज्याला पोराच्या शिक्षणासाठी आजच चार पैसे हवे आहेत, त्याने बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागावा लागतो.