एका मुलाचे जर्मन वाचन आणि अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय

१/ २५ मे १९२०. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील हॅमिल्टन काउंटी. एका लहानशा लूथरन शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधील गोष्टी वाचून घेत होते. पुस्तक जर्मन भाषेत होते. एवढ्याच कारणासाठी मेयर यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यांना २५ डॉलरचा दंड झाला. #थ्रेड

२/ स्थलांतरितांनी नव्या देशाची भाषा बोलावी का, या प्रश्नावर आजही वाद पेटतात. वस्तुतः यात दोन मागण्या दडलेल्या असतात. ‘आमची भाषा शिका’ ही एक आणि ‘तुमची भाषा सोडा’ ही दुसरी. वादाच्या भरात दोन्ही एकच मानल्या जातात. मेयर खटल्यात मात्र न्यायालयाला त्या वेगळ्या कराव्या लागल्या.

३/ जर्मन भाषकांची अमेरिकेतील वस्ती जुनी. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन १६८३ साली वसले. त्यांच्याविषयीची धास्तीही जुनीच. हे लोक इंग्रज होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील, अशी चिंता बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ साली व्यक्त केली. याच फ्रँकलिन यांनी १७३२ साली जर्मन वृत्तपत्र छापून पाहिले होते. ग्राहक म्हणून जर्मन चालत होते, शेजारी म्हणून ते खुपू लागले.

४/ एकोणिसाव्या शतकात मात्र बऱ्याच ठिकाणी सामंजस्य होते. ओहायोतील सिनसिनाटी शहराच्या सार्वजनिक शाळांत १८४० पासून जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिक्षण मिळे. १९१० च्या जनगणनेत जर्मनीत जन्मलेले २० लाखांहून अधिक लोक अमेरिकेत राहत होते. त्यांची चर्चे, वृत्तपत्रे, गायन मंडळे आणि शाळा गावोगावी होत्या.

५/ म्हणून इंग्रजीची अपेक्षा नव्हतीच, असे नाही. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरवले. १९१७ च्या कायद्याने देशात प्रवेश करणाऱ्या प्रौढांसाठी वाचनाची परीक्षा आणली; पण ती कोणत्याही भाषेत देता येई. म्हणजे दारात साक्षरता तपासली जाई आणि इंग्रजी शिकण्यासाठी पुढे काही वर्षे मिळत.

६/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि वातावरण पालटले. जर्मन नावांचे रस्ते नव्याने नामांकित झाले. ‘सॉवरक्राउट’ या आंबवलेल्या कोबीलाही ‘लिबर्टी कॅबेज’ हे देशभक्त नाव मिळाले. प्रकरण विनोदापुरते राहिले नाही. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे जमावाने रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला फासावर लटकवले. आरोपी निर्दोष सुटले.

७/ २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले : शाळा, सार्वजनिक ठिकाणे, रेल्वे, टेलिफोन आणि प्रार्थनास्थळे येथे केवळ इंग्रजी बोलावी. ज्यांना इंग्रजी समजत नाही, त्यांनी प्रार्थना घरी करावी. रोख जर्मनांवर होता. पण डॅनिश, नॉर्वेजियन आणि चेक कुटुंबेही त्यात भरडली गेली. डॅनिश आणि नॉर्वेजियन कुटुंबांचे मूळ देश तर अमेरिकेचे शत्रूही नव्हते.

८/ बंदीच्या समर्थकांची बाजू निव्वळ द्वेषाची होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेत जन्मलेली काही मुले शाळेत येईपर्यंत इंग्रजीचा गंधही नसलेली असत. सैन्यभरतीत आलेल्या अनेक तरुणांना इंग्रजीतील हुकूम कळत नसत. एकमेकांची भाषा न समजणारे लोक लोकशाही कशी चालवणार, हा प्रश्न खरा होता. मतभेद उपायाविषयी होता.

९/ एक उपाय खुद्द सैन्यानेच शोधला. जॉर्जिया राज्यातील कॅम्प गॉर्डन येथे १९१८ साली परदेशी वंशाच्या सैनिकांच्या भाषेनुसार तुकड्या पाडण्यात आल्या. त्यांची भाषा जाणणारे अधिकारी नेमले गेले आणि सोबत इंग्रजीचे वर्ग सुरू झाले. सैनिकाची मातृभाषा इथे अडथळा ठरली नाही, तिच्याच आधारे इंग्रजी शिकवली गेली.

१०/ नेब्रास्काने दुसरा मार्ग धरला. युद्ध थांबून काही महिने लोटल्यावर, एप्रिल १९१९ मध्ये, तेथे कायदा झाला. कोणत्याही शाळेत, मग ती सरकारी असो, खासगी असो वा चर्चची, इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवण्यास मनाई. आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी परकी भाषा विषय म्हणूनही शिकवायची नाही. शिक्षा : २५ ते १०० डॉलर दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद.

११/ राज्याच्या न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावताना लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या प्राचीन भाषांना बंदीतून वगळले. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने सिसेरोची भाषा शिकायला हरकत नव्हती. आजीची भाषा शिकली तर तो गुन्हा. जी भाषा घरात कोणी बोलत नाही, तिची भीती कोणालाच नव्हती.

१२/ मेयर इंग्रजीच्या विरोधात नव्हते. शाळेचे नेहमीचे शिक्षण इंग्रजीतच चाले. जर्मन वाचनासाठी वेगळा वेळ काढला होता. गावच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्यांची उपासना जर्मनमध्ये होई आणि मुलांना आईवडिलांसोबत तिच्यात सहभागी होता यावे, एवढाच हेतू. मातृभाषेचा धागा तुटला तर मूल आपल्याच घरच्या प्रार्थनेत परके होणार होते.

१३/ १९२२ साली नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. प्रकरण वॉशिंग्टनला गेले. मेयर यांच्या वतीने आर्थर मुलेन यांनी युक्तिवाद केला. ते आयरिश वंशाचे कॅथलिक होते. जर्मन लूथरन शिक्षकासाठी कॅथलिक वकील उभा राहिला. कारण चर्चच्या शाळांवरचा घाला उद्या आपल्यावरही येणार, हे कॅथलिकांना उमगले होते.

१४/ ४ जून १९२३ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी निकाल मेयर यांच्या बाजूने लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती जेम्स मॅकरेनॉल्ड्स हे सहिष्णुतेसाठी ओळखले जात नव्हते. ज्यूंविषयीचा त्यांचा द्वेष कुप्रसिद्ध होता. तरी त्यांनी शिक्षकाचा अध्यापनाचा आणि पालकांचा मुलांच्या शिक्षणाविषयीचा हक्क घटनेने संरक्षित मानला.

१५/ निकालात प्लेटोच्या आदर्श राज्याचा आणि स्पार्टाचा दाखला आहे. तेथे मुले पालकांकडून काढून राज्याने वाढवायची, अशी कल्पना होती. एकजिनसी समाज घडवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु चांगले साध्य घटनाबाह्य साधनांनी गाठता येणार नाही, असेही बजावले.

१६/ विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते ऑलिव्हर वेंडेल होम्स. भाषणस्वातंत्र्यासाठी गाजलेले हे न्यायमूर्ती येथे राज्याच्या बाजूने उभे राहिले. लहान वयात मुलांनी शाळेत इंग्रजीच ऐकावी व बोलावी, हा प्रयोग समंजस माणसांनाही योग्य वाटू शकतो, मग न्यायालयाने तो का रोखावा, असा त्यांचा मुद्दा. हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता.

१७/ निकालाचा एक भाग बऱ्याचदा विसरला जातो. शाळांनी इंग्रजीतून शिक्षण द्यावे, असा नियम करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. इंग्रजीची अपेक्षा वैध राहिली; दुसरी भाषा शिकवणे हा गुन्हा ठरवणे अवैध झाले. दोन मागण्यांमधील सीमारेषा नेमकी येथे आखली गेली.

१८/ मात्र हा विजय उशिरा आला. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील माध्यमिक शाळांचे सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत. १९२२ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली घसरले. १९१० ते १९२० या दशकात जर्मन वृत्तपत्रांची संख्या निम्म्याहून कमी झाली. कायदा रद्द झाला. पण भीतीने घरातून गेलेली भाषा निकालाने परत आली नाही.

१९/ नव्या देशाची भाषा शिकणे स्थलांतरिताच्याही हिताचे असते. रोजगार, न्यायालय, दवाखाना, मतदान, सगळीकडे तिची गरज पडते. म्हणून अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. पण अपेक्षेसोबत शिकण्याची सोय आणि पुरेसा अवधी द्यावा लागतो. कॅम्प गॉर्डनने तो दिला. नेब्रास्काने शाळेच्या दारात सरकारी वकील पाठवला.

२०/ त्या दुपारी हॅमिल्टन काउंटीतील मुलाला इंग्रजी येत होतीच. प्रश्न एवढाच होता, की इंग्रजी येत असूनही त्याने जर्मन विसरायची का? उत्तर मिळायला तीन वर्षे आणि देशातील सर्वांत मोठे न्यायालय लागले. (समाप्त)