रविवारची हजेरी

'हजेरी' हा शब्द मराठीत फार्सीच्या वाटेने आला आणि मराठवाड्याच्या खेड्यात त्याला फारच निरनिराळे अर्थ चिकटले. चावडीवर महारांनी द्यायची हजेरी, गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींनी पोलीस पाटलापुढे द्यायची हजेरी, आणि शाळेच्या मास्तरांनी पुकारायची हजेरी. पहिल्या दोन्हींतून सुटका हवी असे. तिसरी मात्र मिळावी म्हणून माणसे धडपडत. या तिन्हींच्या मध्ये कोठेतरी बसणारी चौथी हजेरी म्हणजे मिशनच्या गावातली रविवारची. तिच्याविषयी आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फारसे लिहिलेले आढळत नाही. आम्ही दोघे या शहरात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात दरवर्षी वैजापूर-गंगापूरकडची काही मुले येतात. आडनावे साळवे, त्रिभुवन, गायकवाड. नाताळच्या सुमारास त्यांतली काही गावाकडे जातात, तेव्हा कोठे आम्हांला कळते की ही घरे ख्रिस्ती आहेत. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे एक अगदी उघड रूप दिसते. तेथील कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळतो, जागा मर्यादित असतात, आणि अर्ज अधिक आले तर धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी दिलेला दाखला विचारात घेता येतो. कुटुंब नियमाने मिस्सेला येते की नाही, हे तो धर्मगुरू सांगतो. त्यामुळे मूल तीन वर्षांचे झाले की आईबापांची भक्ती एकाएकी वाढते आणि प्रवेश मिळाल्यावर ती ओसरते, असा तेथला नेहमीचा विनोद आहे. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट'मध्ये प्रवेशासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या हिंदू, मुस्लीम, बौद्ध पालकांकडून असे काही कोणी मागत नाही. म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असे वाटण्याचा संभव आहे. तो आहे, फक्त तो ज्यांच्यापुढे उभा राहिला ते पालक शहरातल्या रांगेत नव्हते.

मराठीशी या प्रश्नाचा संबंध जुना आहे. गोव्यात १५६७ च्या धर्मपरिषदेनंतर हिंदू रहिवाशांच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीने प्रवचनाला बसवण्याचे हुकूम निघाले, अ. का. प्रियोळकरांनी हा सारा कागदपत्रांचा व्यवहार तपशिलाने मांडला आहे. ती उघड सक्ती होती आणि तिच्यामागे राजसत्ता होती. त्याच भूमीत चर्चला लागून धर्मग्रामाच्या शाळा निघाल्या, मुले तेथे अक्षरे, गाणे आणि धर्मतत्त्वे एकत्रच शिकत. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. ते या शाळांच्या आणि देवळांच्या ओसरीवरचेच अपत्य आहे. धर्मशिक्षणाचे पाठ चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही. आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुराण सुरू होते. आम्ही हा प्रसंग वर्गात शिकवतो तेव्हा ओवीच्या सौंदर्याबद्दल बोलतो. हजर राहावे लागलेल्या माणसाने हजर राहून काहीतरी मागितले, ही त्यातली गोष्ट मात्र सहसा निसटून जाते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात हा वाद निराळ्या वर्गापुढे आला. स्कॉटिश मिशनच्या शाळांत इंग्रजी उत्तम मिळे, आणि तिच्यासोबत बायबलचा तास येई. उच्चवर्णीय पालक तो तास सोसत असत. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचे प्रकरण झाले. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, परंतु मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही, यावर पंचायतीत फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी पुष्कळ सोसले. श्रीपतचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री मात्र त्याच वर्षी ख्रिस्ती झाला आणि पुढे जालन्याला आला. सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. मुंबईच्या बायबलच्या तासाचा धागा असा मराठवाड्यापर्यंत पोहोचला.

कायद्याने या वादात काय केले, हे थोडक्यात सांगून टाकतो. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देऊ केले, आणि शाळेत धर्म शिकवला जातो की नाही याकडे तपासनिसांनी लक्ष देऊ नये असे ठरवले. यालाच तटस्थता म्हणत. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षणकायद्याने पालकाला आपले मूल धर्माच्या तासातून काढून घेण्याचा हक्क दिला. हिंदुस्थानात असे सरसकट कलम आले नाही. ते यावे म्हणून विसाव्या शतकात भारतीय पुढाऱ्यांनी मागणी केली, आणि १९३१ मध्ये मिशनच्या महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या लिंडसे आयोगानेही धर्मशिक्षणाची उपस्थिती ऐच्छिक असावी असा सल्ला दिला. अखेर १९५० मध्ये संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने हा प्रश्न मिटवला: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही.

कलम चांगले आहे. ते कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले, हेही स्पष्ट आहे. ज्याच्या घरी धर्म एक आणि शाळेत दुसरा, त्या मुलाचे ते रक्षण करते. ज्याच्या घराचा धर्म आणि शाळेचा धर्म एकच आहे, किंवा शाळेपायी एक झाला आहे, त्याच्या पालकाची 'संमती' म्हणजे नेमके काय, हे कलम विचारत नाही. आणि आमच्या जिल्ह्याची कथा येथूनच सुरू होते.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शहरात चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी यांच्यासारखे प्रचारक होते. कॅथलिकांचे काम मुख्यतः संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू करीत, आणि ते १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताशी जोडलेले होते. पलीकडे नगर जिल्ह्यात जर्मन येशूसंघीय होते. 'निरोप्या' हे मासिक त्यांनीच १९०३ मध्ये सुरू केले. अलीकडे गोदावरीच्या काठाने वैजापूर-गंगापूर भागात फ्रेंच धर्मगुरू. वैजापूर तालुक्यातील घोगरगावात फादर जाकिये यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घकाळ काम केले. त्या परिसरात त्यांचे नाव आजही घेतले जाते. पुढे हा प्रदेश १९५५ मध्ये झालेल्या अमरावती धर्मप्रांतात होता, आणि १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

या गावांतून जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे एक खोली आणि एक मास्तर. हा 'मास्तर' मराठी ख्रिस्ती समाजातला फार महत्त्वाचा माणूस आहे, आणि आपल्या साहित्याने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. तो आठवडाभर मुळाक्षरे शिकवी आणि रविवारी प्रार्थना घेई. धर्मगुरूंची फेरी गावात कधीतरीच होई, एरवी वस्तीचा धर्म मास्तरच चालवी. शाळेची हजेरी घेणारा आणि उपासनेला कोण आले नाही हे जाणणारा माणूस एकच. त्याला दोन वह्या ठेवण्याची गरज नव्हती. धर्मगुरू आले की विचारणार, अमक्याच्या घरचे दिसले नाहीत. आणि मास्तर सांगणार. शिक्षा कोठेही लिहिलेली नव्हती. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेने रविवारची मिस्सा हे कर्तव्य ठरवले होते, आणि कॅथलिक मुलांनी कॅथलिकेतर शाळांत जाऊ नये असेही म्हटले होते. वैजापूरच्या महारवाड्याला हा दुसरा नियम वाचून दाखवला असता तर लोक हसले असते. दुसरी शाळा होतीच कोठे? सरकारी शाळा थोड्या, त्यांत उर्दूचा वरचष्मा, आणि जेथे होत्या तेथे ही मुले दाराबाहेर.

रविवारची किंमत काय होती हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, हे आपण कौतुकाने सांगतो. निजामाच्या राज्यात साप्ताहिक सुटी शुक्रवारची. शेतमजुराला तर तीही नाही. रविवारी काम सोडून प्रार्थनेला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे आणि पाटलाचा रोष घेणे. कारण गावकीची वेठ वार पाहून येत नसे. तेव्हा ख्रिस्ती कुटुंबावर रविवारी दोन हजेऱ्या पडत, एक मास्तराची आणि एक पाटलाची. मास्तराची निवडणे याचा अर्थ निव्वळ भक्ती असा करणे भाबडेपणाचे होईल, आणि निव्वळ लोभ असा करणे अन्यायाचे. शाळेपायी प्रार्थनेला गेलेला माणूस त्या दिवशी पाटलाकडे गेला नव्हता, एवढे आम्हांला दिसते, आणि ते आम्हांला मोठे वाटते. धर्मगुरूंची मिस्सा लॅटिनमध्ये होती. १९६० नंतरच्या दशकात व्हॅटिकन परिषदेमुळे मिस्सा मराठीत आली, तोवर वस्तीतली माणसे न कळणाऱ्या शब्दांपुढे गुडघे टेकून बसली.

दुसरे दार उघडले ते १९५० मध्ये. वैजापूरला लागूनच असलेल्या येवल्यात १९३५ साली धर्मांतराची घोषणा करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याकडे बाबासाहेबांनी कठोरपणे पाहिले होते. मिशनने आपली महाविद्यालये आणि पैसा ज्यांनी कधीच ख्रिस्ती व्हायचे नव्हते त्या वरच्या जातींच्या मुलांवर खर्च केला, आणि जे झाले त्या गरिबांना मागे ठेवले, असा त्यांच्या निबंधांचा रोख आहे. आमच्या विषयाच्या भाषेत बोलायचे तर, बायबलचा तास सोसणाऱ्याला पदवी मिळाली आणि रविवारी हजर राहणाऱ्याला एक खोली व एक मास्तर. मिलिंदमध्ये शिकायला रविवारची अट नव्हती.

शहरात पुढे कॅथलिक संस्थांच्या मोठ्या इंग्रजी शाळा झाल्या. आमच्यापैकी एकीचे शालेय शिक्षण अशाच एका शाळेत झाले. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग होत: पाच-सहा मुले 'कॅटेकिझम'ला शेजारच्या खोलीत जात आणि उरलेली पन्नास 'मॉरल सायन्स'ला बसत. संविधानाची तटस्थता इतकी व्यवस्थित अमलात आलेली आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही. पण सोमवारी बाई विचारीत, काल मिस्सेला कोण आले नव्हते, आणि तो प्रश्न फक्त त्या पाच-सहांना असे. पन्नासांना वाटे आपण सुटलो. त्या पाच-सहांपैकी एखादीचे डोळे खाली जात.

येथे एक टीप जोडली पाहिजे, नाहीतर हा केवळ ख्रिस्ती शाळांचा दोष आहे असा समज होईल. २८ व्या अनुच्छेदाचा आधार मुंबई उच्च न्यायालयाला २०१३ मध्ये घ्यावा लागला तो नाशिकच्या एका शिक्षकासाठी. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडून उभे राहण्यास त्यांनी नकार दिला म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती. ती शाळा मिशनची नव्हती. ती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची होती.

रविवारची हजेरी आता कोण मोजते? धर्मगुरू मोजतात, पहिल्या कम्युनियनसाठी आणि दृढीकरणासाठी मुलांनी वर्गांना यावे म्हणून. पण त्यांच्याहून काटेकोर मोजणारा दुसराच आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने त्या यादीत फक्त हिंदूंना ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लीम आले नाहीत. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या दलितांना इतर मागासवर्गात जागा मिळाली. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जात एक सांगते आणि धर्मग्रामाचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर दुसरेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, तेव्हा तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमितपणे चर्चला जात होती, या गोष्टी तिच्या विरुद्ध धरल्या गेल्या. श्रद्धा नसता केवळ लाभासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे, असे न्यायालय म्हणाले. न्यायालयाचे तर्कशास्त्र कळते. परंतु ज्या हजेरीवर एकेकाळी शाळेचे दार उघडत असे, तीच आता ते लावून घेते, हे आमच्या वर्गातल्या मुलांना कसे समजावून सांगावे, हे आम्हांला उमगलेले नाही. या प्रश्नावर विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

एका जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर आमच्यापैकी एकाची नेमणूक होती. गंगापूरकडून आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी पिशवीतून कागद काढले. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आणि सर्वांत खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले बाप्तिस्म्याचे पत्र. "सर, हे पण जोडायचं का?" त्यांनी विचारले. अर्जात तसा रकाना नव्हता. आम्ही नाही म्हणालो, आणि त्यांनी ते पुन्हा पिशवीत ठेवले.