डावीकडची मोकळी जागा

परवा एका ज्युनिअरने ‘जरा बघ ना’ म्हणून चाळीसेक ओळींचा कोड पाठवला. सगळ्या ओळी डावीकडे चिकटलेल्या, कुठला कंस कुठे संपतो पत्ता नाही. आणि वर म्हणतो कसा, "कंपाइल होतंय ना, मग झालं की!" म्हटलं, बाबा रे, आधी थोडा इतिहास ऐक.

१९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोर्ट्रान आली तेव्हा कोड भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. कार्डावर ८० रकाने. पहिले ५ ओळीच्या क्रमांकाचे, सहावा ‘मागचं वाक्य पुढे चालू’ हे सांगायचा, ७ ते ७२ मध्ये खरा मजकूर. ७३ ते ८० मशीन बघायचंच नाही; तिथे लोक अनुक्रम टाकायचे, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून! थोडक्यात, जागा चुकली की प्रोग्रॅम चुकला.

अल्गोल ६० ने हे बंधन काढलं. पुढे सी मध्येही तेच. कुठेही लिहा, अर्थ कंसांवरून ठरणार. इंडेंटिंग उरलं ते फक्त माणसाच्या सोयीसाठी. पण मग डोळ्यांना दिसतं एक आणि मशीन करतं भलतंच, असं होऊ लागलं.

याचं गाजलेलं उदाहरण अ‍ॅपलचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना आयफोनसाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. वरच्या ‘इफ’ला कंस नव्हते. दुसरी ओळही तेवढीच आत सरकवलेली, त्यामुळे ती ‘इफ’मधलीच वाटायची. प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची आणि सही तपासायची शेवटची पायरी गाळून ‘सगळं ठीक’ असं उत्तर जायचं. फॉर्मॅटर चालवला असता तर ती ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती.

गुइडो व्हान रॉसमच्या पायथनने १९९१ मध्येच यावर वेगळा तोडगा काढला होता: इंडेंटिंग हीच रचना. २००९ मध्ये गो भाषेने सोबत फॉर्मॅटरच दिला, वादच नको.

एवढं ऐकून पठ्ठ्याने कोड नीट लावला. दोन मिनिटांत स्वतःच ओरडला, "अरे, हा ‘एल्स’ तर दुसऱ्याच ‘इफ’चा आहे!"

मी काहीच केलं नव्हतं. चहा मात्र त्याच्याकडून घेतला.