सही माझी, बग त्याचा: कोड रिव्ह्यूची गोष्ट

आजचा भाग एका कबुलीने सुरू करतो. एका शुक्रवारी संध्याकाळी मी सहकाऱ्याची 600 ओळींची पुल रिक्वेस्ट चार मिनिटांत मंजूर केली. खाली लिहिलं, 'एलजीटीएम', म्हणजे लुक्स गुड टू मी. सोमवारी कळलं, काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेलेत. कोड त्याचा होता, पण खाली सही माझी होती.

मग फर्मान निघालं: यापुढे सगळे रिव्ह्यू फॉर्मल, आणि कोणाच्या कोडमध्ये किती बग सापडले त्याची शीट ठेवायची. सगळ्यांची तोंडं वाकडी. म्हटलं, हे फॉर्मल प्रकरण आलं कुठून ते तरी बघू.

ते आलं आयबीएममधून. मायकेल फॅगन तिथे काम करायचे. 1976 मध्ये त्यांनी आयबीएम सिस्टम्स जर्नलमध्ये 'इन्स्पेक्शन'ची पद्धत मांडली. मॉडरेटर, डिझाइन करणारा, कोड लिहिणारा, टेस्टर अशी माणसं ठरलेली. प्रत्येकाने आधी घरचा अभ्यास करून यायचं. मीटिंगमध्ये एक जण कोड समजावत पुढे जाणार, बाकीचे चुका पकडणार. तिथे उपाय शोधत बसायचं नाही, चूक फक्त नोंदवायची. दोन तास झाले की थांबायचं, कारण त्यानंतर डोकं चालत नाही. (आमच्या स्टँडअपला हा नियम कोणीतरी लावा रे!) नंतर दुरुस्ती, आणि ती खरंच झाली का हे मॉडरेटर तपासणार. फॅगन यांचा हिशेब सरळ होता: चूक लवकर पकडली तर दुरुस्तीचा खर्च 10 ते 100 पटींनी कमी.

त्याच लेखात एक इशाराही आहे, आणि तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. इन्स्पेक्शनमध्ये सापडलेल्या चुका प्रोग्रामरचं मूल्यमापन करायला वापरू नका. वापरल्या तर लोक चुका दाखवायचंच बंद करतील. म्हणजे आमची ती शीट मूळ फॉर्मल पद्धतीतच बसत नव्हती!

पुढे 1993 मध्ये लॉरेन्स व्होटा यांनी शंका काढली: प्रत्येक इन्स्पेक्शनला मीटिंग लागतेच का? बहुतेक चुका तर आधी एकट्याने वाचतानाच सापडतात, आणि सगळ्यांची वेळ जुळवण्यात दिवस जातात. मला हे पटतं. फॅगन यांच्या पद्धतीतली खरी ताकद त्या खोलीत नव्हतीच, आधी शांतपणे वाचण्यात होती. पुल रिक्वेस्ट आली तेव्हा आपण खोली सोडली ते ठीक, पण सोबत वाचनही सोडलं.

त्याची किंमत हार्टब्लीडने दाखवली. ओपनएसएसएलमध्ये एक नवं फीचर आलं, एका जणाने तपासलं आणि 31 डिसेंबर 2011 च्या रात्री ते कोडमध्ये गेलं. समोरचा सांगतो, 'माझा मेसेज इतका लांब आहे.' कोडने ती लांबी पडताळलीच नाही. खोटी लांबी सांगितली की सर्व्हर आपल्या मेमरीतला 64 केबीपर्यंतचा मजकूर परत पाठवायचा. त्यात पासवर्डही असू शकत होते. एप्रिल 2014 मध्ये हे जाहीर झालं, तोवर दोन वर्षं तो कोड जगभर चालू होता. रिव्ह्यू झाला नव्हता असं नाही हं. झाला होता.

मी टीमसमोर हे सगळं मांडलं. पैशाला हात लावणारा कोड असेल तर दोन जणांनी वेगवेगळा वाचायचा, हातात चेकलिस्ट घेऊन. बटणाचा रंग बदलायचा असेल तर साधा रिव्ह्यू पुरे. हे मान्य झालं. चेकलिस्टमधला पहिला प्रश्न आहे, 'हीच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय होईल?'

शीट मात्र अजून चालू आहे. माझ्या सहकाऱ्याचं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या शीटमध्ये त्या सोमवारच्या बगसमोर एकट्या त्याचंच नाव आहे. तिथे माझंही नाव घाला, असा मेल मी काल पाठवलाय.